गाळातली झोप

३ फेब्रुवारी १९९७, वास्को

आज बोटीच्या टाकीत उतरलो! मॅडम नको म्हणत होत्या. बोटीवरचा माणूस आतली हवा तपासून आला, तरी त्यांचा जीव खाली-वर. मीच हट्ट धरला. रोज मॅडमच्या प्रयोगशाळेत नुसत्या बाटल्या धुऊन वीट आलाय. सातवी नापास माणसाला दुसरं काय काम देणार म्हणा.

लोखंडी शिडी, हातात बॅटरी. खाली काळोख आणि गंज. पाणी उपसलेलं, तळाला गाळ. पाय टेकला आणि नाकात ओळखीचा वास! उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरतं, गावाकडं डाळजला उघड्या पडलेल्या गाळात आम्ही गाळपेरीला उतरतो— अगदी तोच. बोट कुठल्या मुलखातली आणि वास आमच्या रानाचा. बूट काढून उभं राहावंसं वाटलं.

वरून मॅडम ओरडत होत्या, "म्हस्कू, ये वर! बाजाराला गेलायस का?"

४ फेब्रुवारी

इथं बोटी खनिज भरायला रिकाम्या येतात. रिकामी बोट हलकी, कलंडायची भीती. म्हणून तिकडचंच समुद्राचं पाणी टाक्यांत भरून आणतात आणि इथं सोडून देतात. त्यात डोळ्याला न दिसणारं शेवाळ असतं. ते जिवंत आलंय की मेलेलं, एवढंच योगिनी मॅडम बघतात. मी बरण्या वाहतो. जिवंत निघालं तर वाईट— इथल्या पाण्यात माजलं तर मासळीचं वाटोळं.

कालचा गाळ त्यांनी मायक्रोस्कोपखाली धरला. मलाही बघू दिला. गोल गोल कवचं, हलत काहीच नाही. मी म्हणालो, मेलेत. त्या म्हणाल्या, "झोपलेले असतील. अंधारात कवच करून पडून राहतात. उजेड दाखवल्यावर कळेल."

चिमूटभर गाळ स्वच्छ पाण्यात, काचेच्या बाटलीत. वर ट्यूबलाइट. जीव असला तर पाणी रंग धरेल.

६ फेब्रुवारी

गावाकडं फोन लावला. आमच्या आळीला फोन एकच, इकबालचाचांच्या दुकानात. उचलल्या उचलल्या सुरू— "काय रं म्हस्कू, मेंढरं सोडून शेवाळ राखतोस म्हणं! लोकर किती निघती त्याची?" मी हसलो. ते हसता हसता थांबले. "थांब, तुझं आबा हितंच हायत."

आबा म्हणाले, म्हाळसा बाळंत झाली. सातव्यातच! पोरगी. बारामतीला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय, उबीला आत दिवा हाय. म्हाळसाला ताप, दुसऱ्या खोलीत. आई दोघींपाशी.

म्हणालो, आत्ता निघतो.

"येऊन काय करणार? पेटीला हात लावू देत न्हाईत. म्हाळसाबी भेटली न्हाय अजून पोरीला. मी सांगतो तवा ये."

बाप झालो. कुणाला सांगू? इथं ओळखीचं कोण आहे!

७ फेब्रुवारी

आमच्याकडं काही उमगेना झालं की देवाला कौल लावतात. उजवीकडची पाकळी पडली की होकार. इथं कुठल्या देवाला विचारू? मनातल्या मनात बाटलीलाच कौल लावला. पाणी हिरवं झालं तर पोरगी जगणार. मॅडमना सांगितलं नाही. हसतील.

८ फेब्रुवारी

पाणी आहे तसंच.

९ फेब्रुवारी

रडली! आबा म्हणाले, मांजराच्या पिलागत, पण रडली. म्हाळसाचा निरोप— नाव त्यांनीच ठरवायचं. त्यांनी म्हणजे मी!

मॅडमना सहज विचारतोय असं दाखवलं. त्यांनी तीन-चार नावं सांगितली. एक आवडलं. प्रतीक्षा. आधी तिच्या कानात सांगणार, मग बाकीच्यांना.

१० फेब्रुवारी

गाळ तळाला, पाणी वर. बाटली हलवावीशी वाटते. हात मागं घेतला. मॅडम म्हणाल्या, "सारखा काय बघतोस रे? दूध उतू जाणार आहे का?"

१२ फेब्रुवारी

फोन चाचांनीच उचलला. आबा बारामतीला गेलेत म्हणाले. विचारलं, पोरगी?

"झोपलीय."

आणि म्हाळसा?

"ताप हाय अजून. उतरंल."

चाचांनी आज थट्टा केली नाही. दुकानात गिऱ्हाईक असेल. पेटीत निवांत झोपलीय म्हणजे अंग धरत असणार. लहान कोकरूसुद्धा झोपेतच वाढतं.

१३ फेब्रुवारी

हातून बाटली फुटली. दुसरी, रिकामी. जीव लागत नाही कशात. संध्याकाळी नुसता धक्क्यावर चालत राहिलो.

१४ फेब्रुवारी

हिरवं झालं! आधी खरं वाटेना. बाटली पांढऱ्या कागदापुढं धरली— कोवळ्या पोपटी रंगाची झाक, स्पष्ट. पळत मॅडमना आणलं. मायक्रोस्कोपखाली बघतो तर गरगर फिरतायत! कवच फोडून बाहेर. एवढ्या काळोखातून, गंजातून, समुद्रातून जिवंत आलेत.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे या बोटी काय काय सोडून जात असतील!" त्यांचं खरं आहे. आणि मी दात काढत उभा. त्या बघतच राहिल्या. मग सगळं सांगितलं, कौलाचंसुद्धा. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज रात्रीची गाडी पकड."

आबांना फोन केला. येऊ का म्हणालो.

"ये," म्हणाले.

"पोरगी झोपलीय?"

"व्हय. झोपलीय."

१५ फेब्रुवारी, सातारा स्टँड

फलटणच्या गाडीची वाट बघतोय. झबलं घेतलं. मोठं होईल तिला— होऊ दे, वाढेल.

१६ फेब्रुवारी, बारामती

काल आबा स्टँडवर उभे होते. मला बघून टोपी काढली तेव्हाच कळलं. पोरगी बारा तारखेला, बुधवारी पहाटेच गेली. डाळजला बांधाच्या कडेला मातीआड ठेवली. माती देताना घ्यायला नावसुद्धा नव्हतं.

"फोनवर कसं सांगू? वाटंत एकटा व्हतास." आणि मग हळूच, "म्हाळसाला कळू देऊ नको. ताप उतरल्याबिगर सांगायचं न्हाय, डॉक्टरनी बजावलंय."

झबलं पिशवीच्या तळाला सारलं आणि दवाखान्यात म्हाळसाच्या खोलीत गेलो. तिनं डोळे उघडले. ओठ सुकलेले. माझा हात धरून म्हणाली, "मला बघू देत न्हाईत. तुमी बघून आलासा का तिला?"

"व्हय."

"काय करतीया?"

"झोपलीय," मी म्हणालो.