दोन पायांवर चालणारे

लातूर, १४ मार्च १९८३

हे जाऊन आज पाच दिवस झाले.

त्या दिवशी थोरले दीर, गुरुबसप्पा अण्णा, हळूच म्हणाले, "गावाच्या रुद्रभूमीत, सगळ्यांच्या दफनाच्या जागी नेऊ या का?" स्वतःचं शेत असताना! सख्खा भाऊ! जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर मोठ्याने बोलले. आपल्याच रानात समाधीत बसवायचं, म्हटलं. अण्णांनी मान खाली घातली.

दुष्काळाने जमीन दगड झालेली. खड्ड्यालाच दुपार झाली. स्वामींनी रीतीप्रमाणे यांच्या मस्तकावर पाय ठेवला. मग माती.

१९ मार्च

यांची वही उघडली. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, नवा शब्द भेटला की टिपून ठेवायचे. शेवटच्या पानावर — "बिपेस. लॅटिन शब्द. दोन पायांचा. कोंबडी बिपेस, आमचे मुख्याध्यापकही बिपेस." खाली बारीक अक्षरात — "रोमन लोकांना एखाद्याची फार चीड आली की त्याला माणूस म्हणत नसत. दोन पायांवर चालणाऱ्यांत सगळ्यात नीच, असं म्हणत."

हसू आलं. मग रडू.

२६ मार्च

टँकर आला नाही.

२ एप्रिल

किळस! शेतात गेले, तर समाधीवर एक माणूस बूट घालून उभा. हातात टेप. तिथेच पान थुंकला!

"कोण तुम्ही?"

"प्लॉटिंगवाला हाव, बाई. लातूर जिल्हा झाला, आता हितं कचेऱ्या येनार. तुमचा ह्यो ढिगारा नेमका रस्त्यात यायलाय."

ढिगारा!

अण्णा बांधावर उभे होते. म्हणाले, "काढावा लागंल, शिवकांता." सोबत जाऊबाई, गुरम्माक्का. त्यांचं वेगळंच — "गेलेल्याला एवढी जागा, मग जित्यांनी कुठं जावं गं?"

घरी येऊन दोनदा तोंड धुतलं. पाणी नसताना.

५ एप्रिल

अण्णा आमच्याकडे जेवायला होते. भाकरी चुरत होते, भुरके मारत होते. बघवेना. यांच्या वहीतला शब्द मनात म्हटला — बिपेस. पण कोंबडीला त्यात कशाला ओढायचं? कोंबडी उकरते — सख्ख्या भावाला उकरत नाही!

९ एप्रिल

आज तोंडावर बोलले. "भावाला माती वाळायच्या आत विकलंत ना?"

अण्णा चपला घालून निघून गेले. निर्लज्ज!

११ एप्रिल

गुरम्माक्का एकट्याच आल्या. पदरातून कागद काढला. "आमचे हे तुला दावू नको म्हनतेत. पन त्यांनी किती ऐकून घ्यावं? तुज्या मालकानंच, मन्मथ भावजीनंच रान इकलं. 'तिला इतक्यात सांगू नका' म्हनले होते."

शेताचं खरेदीखत, प्लॉटिंगवाल्याच्या नावचं. तारीख जानेवारीची. सही यांचीच.

मी यांना परक्याच्या रानात बसवून आले. अण्णांनी प्रेतासमोर भावाची चहाडी केली नाही, एवढंच.