फाटकाशी आलेला दिवा

४ डिसेंबर

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

यंदा नाताळला पुढचं अंगण उजळायचं ठरवलंय. आईच्या नजरेला आता माणसं ओळखू येत नाहीत, उजेड तेवढा कळतो. तोही जायच्या आत तिला डोळे भरून दाखवावा म्हणते. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत साठ पावलं भरली. नकाशा सोबत आहे: वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन माळा, सातवी मोठ्या झाडावर, मधे तारेचं हरीण. शेजारचे मास्तर म्हणाले, गाढव झकास जमलंय!

तू एवढा नावाजलेला वायरमन, पण थंडीत कधी घरी फिरकत नाहीस. या वेळी तरी येशील?

तुझी वाट पाहणारी,
ताई

८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा पाहिला. मास्तरांचं बरोबर आहे. एका प्लगवर तीनच माळा लाव. वायरींचे जोड जमिनीला टेकू देऊ नकोस, डब्यात बंद कर. दव पडलं की शॉक बसायला वेळ लागत नाही.

माझं येणं कठीण आहे, कामं फार आहेत. आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा

१३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माळा लागल्या. आई खिडकीतून हलत नाही. पण एक विचारायचंय. पहिल्याच संध्याकाळी फाटकाबाहेर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पिवळा दिवा दिसला. तो माझा नव्हे. जवळ गेले तर काहीच नाही, फक्त माती चिंब. पाऊस तर महिनाभर नाही. दुसऱ्या दिवशी तो फाटकाच्या आत होता. रोज दिवेलागणीला दहा-बारा पावलं पुढे येतो. मी सगळे प्लग उपटून पाहिले. माळा विझल्या, तो तसाच.

चालताना तो डावीकडे झुकतो. आई म्हणाली, तुझे बाबा असेच लंगडायचे, गेले त्या दिवशीही हातात बॅटरी होती. माळा बंद करू नकोस म्हणाली.

मला भीती वाटते रे.

ताई

१६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं लिहितो. त्या संध्याकाळी धुकं होतं, आठवतं? सकाळी बाबांनी मला मारलं होतं. त्यांना अंधारात चाचपडायला लावावं म्हणून मी फ्यूज काढून खिशात घातला. ओसरीचा दिवा दिसला नाही, म्हणून ते फाटकाशी न वळता पुढे कालव्यापर्यंत गेले आणि बुडाले. घर मी अंधारात ठेवलं, ताई. म्हणून मी थंडीत येत नाही.

परवा येतोय. तो पायऱ्यांशी पोचायच्या आत मला तिथे उभं राहायचंय.

तुझा अपराधी,
धाकटा

२८ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

परत सुखरूप पोचलास हे कळलं. तू पायऱ्यांवर उभा राहून सगळं मोठ्याने बोललास, तो दिवा तुझ्या शेजारून उंबरा ओलांडून आत आला आणि विझला. आई तुला पोटाशी धरून रडली. तेव्हापासून तिला शांत झोप लागते.

तुझ्यादेखत मी एक बोलले नाही. तू फ्यूज काढलास ते मी जिन्यातून पाहिलं होतं. मी पंधरा वर्षांची, सगळं कळत होतं. परत लाव म्हणाले नाही. बाबांची फजिती होणार म्हणून तोंड दाबून हसले.

तू गेल्यावर माळा उतरवल्या. अंगणात आता काही दिसत नाही. पण आत, फरशीवर ओल आहे. पहिल्या दिवशी तुझ्या खोलीपर्यंत होती, ती वाळली. आता माझ्या दाराशी आहे. रोज पुसते, दुसऱ्या दिवशी तेवढीच असते.

आईला आज सांगणार होते. तिच्याजवळ गेले, बसले, आणि उठून हे पत्र लिहायला घेतलं.

हे वाचूनही माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई