ओहोळाच्या सहा माशांची व्यवस्था

मंगळवार, १२ मार्च २०२४. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. आत्ताच टाकीतले मासे तीनदा मोजले, तिन्ही वेळा सहा भरले. मग हात पुसून लिहायला बसलो.

मी, वय सव्वीस, धंदा काच कापण्याचा, शिक्षण आठवी, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलते ते गोळ्यांमुळे. मला हे लिहायला कोणी बसवलेले नाही. उलट दादा म्हणाला, "असलं अभद्र काही लिहू नकोस." पण शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितले, "आता घरीच ठेवा," आणि दार नीट लागले नव्हते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझ्या पश्चात हे अमलात आणण्याचे काम थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे. आईला वाचता येत नाही, तिला तोच वाचून दाखवील, पण आधी सगळे एकट्याने वाचून घेईल.

कलम १. खोली भाड्याची आहे, सबब तिच्याबद्दल मला काही लिहिता येत नाही. माझे कपडे दादाला होणार नाहीत, त्याचे पोट सुटले आहे. गरजवंताला द्यावेत.

कलम २. काच कापायचा हिरा, लोखंडी पट्टी आणि सिलिकॉनची बंदूक ही हत्यारे माझी आहेत, शेठची नाहीत. ती कामावरचा जोडीदार बुटक्या याला द्यावीत. हिरा रेघेवरून एकदाच ओढायचा, दुसऱ्यांदा फिरवला की काच दगा देते, हे त्याला शंभरदा सांगितले आहे. हे एकशे एकावे.

कलम ३. शेठकडून सात दिवसांची मजुरी येणे आहे, ३,८५०. माझ्या हातून तावदान फुटले म्हणून त्यांनी ती अडवली, पण ते गाडीतून उतरवले तेव्हाच कोपऱ्यात तडकलेले होते. शेठ म्हणाले, "तडा दाखव, मग बोल." तोवर त्याचे तुकडे झाले होते, तडा कुठला दाखवू? आलेल्या पैशांतून औषधवाल्याचे २,१४० द्यावेत, उरलेले १,७१० दादाचे. शेठ भेटायला आले तर त्यांना खुर्ची द्यावी आणि पैसे मागावेत. रडणे नंतर.

कलम ४. टाकी. लांबी तीन फूट, उंची दीड फूट. काचा शेठच्या उरलेल्या तुकड्यांतल्या, पण विचारून घेतलेल्या. पाइपांच्या कारखान्यामागे एक ओहोळ होता. टाकीतली वाळू, दगड, पाण्यातले गवत आणि तळाची वाळलेली पाने, सगळे तिथले आहे, आणि दगडही तिथे होते तसेच लावले आहेत. पाने कुजून पाणी कोऱ्या चहासारखे होते. या माशांना तसेच लागते. मासे बोटाच्या पेराएवढे, मातकट, शेपटीशी काळा ठिपका. मला ते दुसऱ्या कुठल्या पाण्यात दिसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ओहोळ नळात घालून वर रस्ता केला. तो होताना मी रोज जाऊन पाहत होतो. माझ्या पाहण्याने काही थांबले नाही.

दादा म्हणायचा, "माणसांना पाणी पुरत नाही आणि तू माशांना शिळं करून पाजतोस!" त्याला हे जमणार नाही. नळाचे पाणी दोन दिवस बादलीत उघडे ठेवायचे, मग घालायचे, तेही थोडेच, एवढा धीर त्याच्याजवळ नाही. धीर आहे एका माणसाजवळ, कोपऱ्यावर शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याजवळ. तो मला हसतो, "रंग नाही रे यांना, गिऱ्हाईक ढुंकून बघणार नाही," पण त्याच्या हाताखाली ते जगतील. तरीही टाकी त्याला देऊ नये. तो घरीसुद्धा येऊ नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ५. हे कलम आणि वरचे कलम ४ आईसमोर वाचायची नाहीत. दादाने कलम ३ नंतर खोकावे आणि कलम ६ वर जावे.

गेल्या वर्षी मी अकरा दिवस दवाखान्यात होतो. परत आलो तर आई ओल्या हातांनी दारातच उभी. "बघ, कशी आरशासारखी केली! किती घाण साठली होती रे, पानं तर पार सडलेली." तिने दगड, वाळू आणि पंपाचा स्पंज नळाखाली धुतला होता आणि टाकी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली होती. पाणी निभावून नेणारे बारीक जीव त्या चिखलात आणि स्पंजात राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. नळाच्या पाण्यातल्या औषधाने ते मरतात, मग मासे. एकतीस होते. आठ दिवसांत सहा राहिले. ती रोज सकाळी विचारायची, "आज आणखी तीन गेले रे. माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही गं, मीच आणताना रोग आणला होता."

मासेवाल्याने ऐकताक्षणी विचारले होते, "नळाखाली धुतली का कोणी?" मी नाही म्हणालो. तो मनाने वाईट नाही, पण टाकी न्यायला आला की आईला हेच विचारील. मी नसताना तिला ते कळायला नको. नाहीतरी सहाही नर आहेत असे माझे मत आहे. वर्षभरात अंडे दिसलेले नाही. ते जगले तरी चार वर्षे, नाहीतर एक.

पुढच्या कलमात मी एक गोष्ट खोटी लिहिली आहे. ती पूर्ण शुद्धीत लिहिली आहे. दादा, ती तशीच वाच.

कलम ६. टाकी, दिवा, पंप आणि सहा मासे आईला. पाणी तिने वाटेल तेव्हा बदलावे, दगड वाटेल तितके धुवावेत. कोणी तिला शिकवायला जाऊ नये. मासे मेले तर ते मी आणलेल्या रोगाने मेले, दुसरे कारण नाही. आई, लालसर पाणी तुला बघवत नाही ना? खुशाल ओतून टाक.

साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही. शिंपीकाका म्हणाले, "न वाचता सही? माझी मशीन लिहून घेतोस की काय?" मी हात जोडले. ते संध्याकाळी आईशी गप्पा मारत बसतात, म्हणून वाचू दिले नाही.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपीकाका (सही)
साक्षीदार दुसरा: इंजेक्शन द्यायला येणारे कंपाउंडर (सही)
ठिकाण: आमची खोली, खिडकीपाशी
१२ मार्च २०२४, दुपारी पाऊण वाजता. आई दुकानात गेली असताना.