चपलांविरुद्ध इंग्रजी अर्ज

५ जानेवारी, सोमवार
आज सकाळी सहा वाजता अर्धा लिटर दुधाने माझ्या फाटकासमोर देह ठेवला!
कारण – शेजारच्या गजेंद्रचा इंग्रजीचा क्लास. आत तीस पोरं "गो-वेंट-गॉन" ओरडून राहिली, चपला मात्र माझ्या दारात. एकीवर पाय पडला आणि मी आडवी. सर खिडकीतून म्हणतात, "काकू, पाहून चालत जा न!" तीसच्या तीस पोरं हसली.
ठरलं. हा क्लास मी बंद पाडणार.

६ जानेवारी
कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या हिरामणला गाठलं. "बिना परवान्याचा क्लास हाय न? मंगळवारी पांढुर्ण्याले कलेक्टरच्या जनसुनवाईत द्या, एका दिवसात कुलूप! पण इंग्रजीत द्या, साहेब लवकर वाचतीन. माले काई ते जमत नाही."
मला तरी कुठे जमतं? "ही ब्लॉक्स माय गेट" – इथवर ठीक. पण दूध तर सांडून गेलं! भूतकाळाशिवाय गुन्हा सिद्ध कसा व्हायचा?

८ जानेवारी
गल्लीत इंग्रजी शिकवणारा एकच. त्याच्याकडेच नाव घातलं.
"काऊन काकू, आता कायले शिकता?"
"काम हाय."
सातवीच्या पोरींमध्ये बसले. चपला मुद्दाम त्याच्या उंबरठ्यावर काढल्या – आडव्या.

१२ जानेवारी
सरांची रीत – रोज प्रत्येकाने उभं राहून काल काय केलं त्याची तीन वाक्यं सांगायची. सज्जन क्रियापदं शेपटीला 'एड' लावून रांगेत येतात. बाकीची गुंड, एकेकाला तोंडपाठ करूनच धरावं लागतं. मला हवी ती नेमकी गुंडच!
उभी राहिले. "येस्टरडे आय इटेड..." पोरी फिदीफिदी. सरांनी हसणाऱ्यांनाच उभं केलं. "मुलाखतीत मी बी असंच बोललो होतो. नौकरी गेली. हसाचं नाही."
उपकार! सरांचीच नोकरी इंग्रजीपायी गेली, हेही अर्जात घालावं म्हणते.

१५ जानेवारी
घोकून घोकून घसा बसला. सुडाला एवढा अभ्यास लागतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

१७ जानेवारी, शनिवार
अर्ज पुरा! गृहपाठाच्या वहीत मागच्या पानावर कच्चा लिहिला. आणि आजच सरांनी वह्या गोळा केल्या – माझीही!

१९ जानेवारी
वही परत आली. पानभर लाल शाई. "डिड नॉट मूव्ह्ड"ची शेपूट छाटलेली. "फॉल्ड" खोडून "फेल" – नापास नव्हे, पडले. खाली मराठीत – "चपला वीस जोड्या लिहिल्या, तीस असतात. आकडा पक्का द्या. दुधाचं वाक्य उत्तम. १७/२०." बस. वर्गात लगेच पुढचा धडा सुरू.
नळावर त्याची बायको, तृप्ती. "काकू, हे कालपासून जेवले नाही. म्हणते, क्लास गेला तर गावी, रामाकोन्याले परत जा लागन. तुम्हाले काई बोलले का?"
मी बादली उचलून घरात आले.
तीन गुण कापल्याचा राग आला आहे, असं इथे लिहून ठेवते.

२० जानेवारी, मंगळवार
पांढुर्ण्याची बस. जनसुनवाईची लांब रांग. अर्ज सुवाच्य, एक चूक नाही. टेबलावरच्या बाबूने वाचला, भुवया उंचावल्या. "मॅडम, अंग्रेज़ी बढ़िया है! किसने सिखाई?"

२१ जानेवारी
साडेपाचला उठून फाटकाच्या आत विटांवर जुन्या फळ्या मांडल्या. तीस जोड्या बसतात.
वर्गात उभी राहिले. "येस्टरडे आय वेंट टू पांढुर्णा. आय ब्रॉट द पेपर बॅक. आय टोअर इट."
"करेक्ट," सर म्हणाले – फळ्याकडे तोंड करून.
दूध मात्र मी विसरलेली नाही.