छप्पन्नाव्या वर्षी ज्युनिअर

आई, मला नोकरी लागली. छप्पन्नाव्या वर्षी. लोअर परळच्या एका लहानशा ऑफिसात वेबसाइट बनवतो. हुद्दा ज्युनिअर, म्हणजे सगळ्यांत खालचा, आणि माझ्यावर जी मुलगी साहेब आहे तिचं वय सव्वीस. ऐकून तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. ठाकूरद्वारच्या वाडीतलं माझं लग्नपत्रिका छापण्याचं काम तुझ्या डोळ्यांदेखत सुरू झालं होतं. आता लोक आमंत्रणं फोनवरूनच धाडतात. दोन वर्षं माश्या मारल्या, मग व्हिडिओ बघून बघून हे नवं काम शिकलो. गुरू नाही, वर्ग नाही, पडत, धडपडत.

पण तीस वर्षं कागदावर काढलेला माणूस मी. वेबसाइटच्या पानाची रुंदीही पट्टीनं मोजल्यासारखी पक्की करून टाकतो. माझ्या स्क्रीनवर सगळं कसं पत्रिकेसारखं देखणं दिसतं, आणि फोनवर उघडलं की अर्धी अक्षरं कडेबाहेर. एकदा झालं, दोनदा झालं. गेल्या सोमवारी तिसऱ्यांदा तेच. एका दवाखान्याची वेबसाइट होती, त्यांचा फोन नंबरच कापला गेला. मी मान खाली घालून बसलो. आता या साहेब मुलीनं चार शब्द सुनावले तर हूं की चूं करायचं नाही. ती शेजारी येऊन बसली. "काका, हा कागद नाहीये. समोरच्याच्या हातात केवढा फोन आहे, आपल्याला काय माहीत?" मी म्हटलं, "तिसऱ्यांदा सांगत्येस तू मला." "मग? चौथ्यांदा पण सांगेन. चहा पाजा फक्त." सगळे हसले, मीही हसलो, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. डोळे थांबेनात.

कारण मला आपली परळची खोली दिसत होती. तू चव्वेचाळीसची, मी एकोणीसचा. इस्पितळात आया म्हणून तू दिवसभर वाकून लाद्या पुसतेस, आणि त्या दिवशी घरी येतेस ती पोरीसारखी उड्या मारत. मेट्रन म्हणाल्यात, इंग्रजी नावं वाचायला शीक, फायलींच्या खोलीत घेते तुला. खुर्चीवर बसून काम! विहारातल्या बायकांना सांगूनही झालंय, की माझा लेकच माझा मास्तर. भाकऱ्या आटोपून तू स्टोव्हपाशी वही घेऊन बसतेस. पहिल्या दिवशी पाच अक्षरं. दुसऱ्या दिवशी त्यांतली तीन विसरलीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "पालथ्या घड्यावर पाणी आहेस तू म्हणजे," मी खेकसलो. "पालथा आहे तर सुलटा कर की, मास्तर!" तू हसत म्हणालीस. मला काही हसू आलं नाही. "तुझ्याच्यानं नाही होणार, आई. या वयात कशाला हा उपद्व्याप?" तू वही मिटलीस आणि आमटी ऊन करायला घेतलीस.

फायलींच्या खोलीत दुसरीच कुणी गेली. तू पुढची चौदा वर्षं लाद्या पुसल्यास. शेवटी शेवटी आपले तीन जिने चढताना दर मजल्यावर कठडा धरून थांबायचीस, आणि वर आल्यावर म्हणायचीस, "गुडघे संपावर गेलेत रे." निवृत्त झालीस आणि वर्षाच्या आत गेलीस. त्यालाही आता बावीस वर्षं झाली. ती मुलगी माझी पोटची नाही, नात्याची नाही, तरी तिच्याकडे माझ्यासाठी चौथी वेळ आहे. तुझ्या पोटच्या पोराकडे नव्हती.

हे पत्र धाडायला कुठला पत्ता घालू? कपाटातच राहील. तरी एक सांगून टाकतो. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात मी उभा राहून बोललो, की आईला शिकायची फार हौस, पण पुढे तिलाच कंटाळा आला. बायकांनी माना डोलावल्या. खोटं बोललो. चौथ्या संध्याकाळीही तू वही घेऊन आली होतीस. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. "बसायचं का रे आज?" तू हळूच विचारलंस. जरा वाट पाहिलीस, मग माझ्या अंगावर चादर घातलीस. मला झोप लागली नव्हती, आई.