किटलीच्या बुडाचा सिंह

अप्पा, काल तुमचं भिंग सापडलं. कपाटातल्या चामडी डबीत, तुम्ही शेवटचं ठेवलंत तसंच. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं उलटली, मी सत्तरीला टेकलेली बाई, तरी ती डबी उघडायची मला भीती वाटली. माणूस म्हातारं झालं की भीतीही थकत असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही होत नाही.

तुमचा तो विलायती चांदीचा नाद सोलापुरात कुणाला उमगायचा नाही. चादरींच्या व्यापाऱ्यानं फार तर मळा घ्यावा, घरावर माडी चढवावी. तुम्ही मात्र गिरण्यांचे गोरे साहेब परत निघाले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतून किटल्या, तबकं, साखरेचे चिमटे गोळा केलेत. दोन तैलचित्रंही आणलीत, एक तळ्याचं आणि एक लेसची टोपी घातलेल्या म्हातारीचं. म्हातारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारासमोरच टांगलीत. "ही मडमीची सासू माझ्या भाकरी मोजती," असं आई, आपली अव्वा, म्हणायची. मला मात्र तिचं हसू यायचं नाही, कारण कुठंही उभं राहिलं तरी ती आपल्याकडेच बघते असं वाटायचं.

जेवणं झाली की तुम्ही किटली उलटी करून भिंग माझ्या हातात द्यायचात. "नोड," म्हणायचात कानडीत, बघ म्हणून. बुडाशी मुगाच्या दाण्याएवढे चार ठसे. चालणारा सिंह म्हणजे चांदी खरी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, एका अक्षरावरून साल, आणि शेवटी कारागिराच्या नावाची अक्षरं. "ही किटलीची जन्मपत्रिका. ही गेली की उरलं नुसतं भांडं." एवढ्यावरूनच तुमचं आणि अव्वाचं वाजायचं. सोमवारच्या पूजेची चांदी राख-चिंचेनं घासून लख्ख करायची तिची रीत, काळवंडलेली चांदी घरात तिला खपायची नाही. तुम्ही पेठेत गेलात की तुमच्या भांड्यांवरूनही ती हळूच राखेचा हात फिरवून घ्यायची. तुम्ही ओरडायचात, "ठसे झिजतील, अगं!" आणि ती पदराआड हसायची.

मग आणीबाणी आली. कुणाच्या घरावर धाड पडली, कुणाला उचलून नेलं, अशा बातम्या रोज दारात यायच्या आणि त्यांचं खरं-खोटं करायला कुणाची छाती नव्हती. जुन्या वस्तूंची सरकारदरबारी नोंद करायचा कायदाही तेव्हाच आला होता. तुम्ही अर्ज लिहायला घेतला होता, निवांत, एकेका ठशाचं चित्र काढत. "हेदरबेड मगळे," म्हणायचात, घाबरू नकोस पोरी. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला झोप लागत नव्हती.

त्या दिवशी तुम्ही अक्कलकोटला गेला होता, अव्वा माहेरी. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारीण धापा टाकत आली. "सरकारी जीप आलीया गल्लीत. घरात शिरून बघायलेत की!" नोंद न केलेला विलायती माल सापडला म्हणून तुम्हाला बेड्या घालून नेताहेत, असं मला समोर दिसायला लागलं. विलायती माल म्हणजे ते ठसे, ते नसले की भांडी घरातली, एवढंच डोक्यात शिरलं. मी सगळी चांदी धुण्याच्या बादलीत घातली, वर ओली लुगडी टाकली आणि मागच्या बोळातल्या चांदीकाम करणाऱ्या मामांकडे गेले.

मामांनी किटली उलटीपालटी केली. "चांगलं काम हाय हे, ताई. शिक्के कशापायी काढायचे? अप्पास्नी इचारलंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी कानस घेतली. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. सिंह आधी गेला, मग बिबट्या. शेवटी त्यांनी घोटून सगळं गुळगुळीत करून दिलं.

मी घरी पोचले तेव्हा जीप आमच्याच दारात होती. हिवतापवाल्यांची. मी उघडंच टाकलेल्या घरात दोन माणसं भिंतींवर औषध फवारत होती. "बाई, तो फोटो झाका, डाग पडंल," एक जण म्हणाला. मी म्हातारीवर चादर टाकली. तिनं मला बादलीसकट आत येताना बघितलं होतं.

चार दिवसांनी तुम्ही अर्ज पुरा करायला किटली उलटी केलीत. मी दाराशीच होते. तुमचा चेहरा पांढरा पडला आणि तुम्ही अव्वाकडे वळलात. "घासून घासून पुसलंस सगळं! किती वेळा सांगितलं!" अव्वा खरंच घासायची ना, त्यामुळं तिला ते खरंच वाटलं. "चुकलं माझं," एवढंच ती म्हणाली. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर तिनं चांदीला कधी राख लावली नाही. पूजेचं तबक काळं पडलं, तिच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबीही काळी पडली, आणि अव्वा गेली तेव्हा ती डबी तशीच काळी होती. तुम्ही पुढं एकही भांडं आणलं नाहीत.

काल मी भिंग डोळ्याला लावलं आणि किटली उलटी केली. कानशीचे ओरखडे, बारीक, सगळे एकाच दिशेचे. राखेनं असं होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. अव्वावर ओरडून झाल्यावर तुम्ही भिंग घेऊन खिडकीशी गेला होता, बराच वेळ उभे होता. मग भिंग डबीत ठेवलंत. संध्याकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "हेदरबेड." तेव्हा मला वाटलं, तुम्ही सवयीनं म्हणताय. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही होता, अप्पा, आणि सहा वर्षं मी तेच समजत राहिले. मी सांगेन म्हणून तुम्ही वाट बघत होता का? आणि अव्वाला का नाही सांगितलंत? मला वाचवायला तिला त्या दोषाखाली तसंच ठेवलंत का? या प्रश्नाची मला त्या जीपपेक्षा जास्त भीती वाटते.

हे पत्र मी भिंगाच्या डबीतच ठेवणार आहे. खरं सांगायचं तर ते तुम्हाला लिहायचंच नव्हतं. वर "अव्वा" असं लिहून दोन कागद फाडले, मग तुमच्या नावानं बसले. तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला लिहिता आलं.