शिक्का क्रमांक सतरा

कुस्तनाय, १२ ऑगस्ट १९९१

ती. बाबांस, रिम्माचा शि. सा. न.

काकडीच्या लोणच्याची बरणी पोचली. मीठ न चाखताच घातलेलं, नेहमीसारखं. पण आज थट्टेत मन नाही. आमच्या सामूहिक शेतावरच्या नव्या हार्वेस्टरचा ब्रेक उतारावर लागला नाही आणि एका मजुराचा पाय गेला. चालवत होता तुमचा जावई, बोलात. इंजिनिअर त्याचाच निष्काळजीपणा म्हणतात. खटला उभा राहिलाय, पाच वर्षं आत जाईल.

हार्वेस्टरवर तुमच्या कारखान्याची पट्टी आहे, तिच्यावर ३१ मे ही तारीख आहे आणि तपासनिसाचा शिक्का सतरा. बाबा, तो तुमचा. महिनाअखेरीला उद्दिष्ट गाठायला तुम्ही न तपासताच शिक्के मारता, हे नववर्षाच्या जेवणात तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. तेवढं आता कागदावर लिहून द्या. लोभ आहेच, आधारही द्यावा.

तुमची रिम्मा

वोल्स्क, ३० ऑगस्ट

चि. रिम्मास अ. उ. आ.

त्या दिवशी खुर्चीतून न उठता चाळीस शिक्के मारले. ओतशाळा हिणकस लोखंड चांगलं म्हणून देते, आम्ही यंत्र चांगलं म्हणून पाठवतो, वरचे साहेब आकडे फुगवून मॉस्कोला कळवतात. तुमचं शेत तरी गव्हाचा खरा आकडा देतं का? मग माझ्या एकट्याच्याच गळ्यात का?

मॉस्कोत रणगाडे येऊन गेले, इथे पक्षाच्या कचेरीला कुलूप लागलं. जाब कोण विचारणार तेच कळत नाही. निवृत्तीला तीन महिने आहेत, तेवढे जाऊ देत. बोलातला धीर दे. माया पातळ करू नकोस.

तुझे बाबा

कुस्तनाय, २७ डिसेंबर

ती. बाबांस सा. न.

तुमचा जबाब आला. तारीख निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशीची आहे, तीही पाहिली. कोर्टाच्या कारकुनाने तो परत केला. म्हणाला, देश फुटला, तुमचा कारखाना आता परदेशात आहे, तिथला कागद घेता येत नाही. ऑगस्टमध्ये तो आपल्याच देशात होता, बाबा.

निकाल वीस जानेवारीला आहे. बोलात तुम्हाला दोष देत नाही. मी देते.

रिम्मा

वोल्स्क, ५ जानेवारी १९९२

चि. रिम्मास अ. उ. आ.

तुझा राग रास्त आहे. मी भ्यालो.

उद्याच्या गाडीने निघतोय. शिक्का परत करायला गेलो तर घ्यायला कोणी जागेवर नव्हतं, तो खिशात आहे. कोर्टात सगळ्यांसमोर उमटवून दाखवीन. मग मला आत टाकलं तरी चालेल. कागद परदेशी ठरला, तुझा बाप परदेशी कसा ठरतो ते बघू.

लोणच्याची बरणी आणतोय. मीठ या वेळी चाखून पाहिलंय.

तुझे बाबा